दोरी धरणारीचा श्वास

एका गावात एक सासुरवाशीण होती. तिचे नाव अनसूया. हाताने चपळ, बोलायला गोड, उपासतापास मनापासून करणारी. पण तिला दम नाही, असे सारा गाव म्हणे. आणि त्या गावात दम नसणे ही काही साधी गोष्ट नव्हती.

गाव समुद्राकाठी होते. तिथली माणसे बुडी मारण्यात पटाईत. किनाऱ्यापासून थोडे आत गेले की समुद्राच्या तळाशी पांढरेशुभ्र शंख सापडत. लांबलांबच्या देवळांतून त्यांना मागणी असे. दिवाळी सरली, पाणी निवळून काचेसारखे झाले की होड्या निघत. एका होडीत तिघे जण. एक वल्हे सांभाळणारा, एक बुडी मारणारा पाणबुड्या आणि एक दोरी धरणारी. पाणबुड्या जड धोंडा हातात धरून तळाशी जाई. त्याच्या गळ्यात जाळीची पिशवी, कानांत तेलात भिजवलेला कापूस आणि कमरेला काथ्याची दोरी. दोरीचे दुसरे टोक होडीतल्या बाईच्या हातात. बायको, बहीण, आई, ज्याच्या घरात जी असेल ती.

वाडवडिलांनी दोरीचा एक नेम घालून दिला होता. दोघांनी एकाच वेळी छातीभर श्वास घ्यायचा. तो पाण्यात गेला की हिने तोंड मिटायचे. तो खाली आहे तोवर हिनेही श्वास घ्यायचा नाही. हिला सोसवेनासे झाले की दोरीला झटका द्यायचा. झटका लागला की त्याने हातातले सगळे टाकून वर यायचे. समोर केवढाही मोठा शंख असो, मागे वळून बघायचे नाही. ज्याने झटका लागूनही ऐकले नाही, त्याची दोरी कायमची सुटली. त्याने पुन्हा पाण्यात उतरायचे नाही.

अनसूया डोंगराकडची. लग्न होऊन आली तेव्हाच तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला. सासू देवाघरी गेलेली होती, म्हणून नवऱ्याची, रायाजीची, दोरी हिच्या हातात आली. सासरे भिकाजी वल्हे धरत. तरुणपणी तेही पाणबुडे होते. त्यांनी तिला नेम समजावून सांगितला.

ती म्हणाली, "मामंजी, यांना दम संपल्याचं यांचं यांना कळेलच की. मी कशाला श्वास धरायचा?"

"तिथंच तर पाणी फसवतं, पोरी," भिकाजी म्हणाले. "खाली गेल्यावर आधी छाती ओरडते. तेव्हा माणूस वर आला तर ठीक. नाही आला, तर छाती ओरडायची थांबते. मग गार गार वाटतं, बरं वाटतं. वर यावंसंच वाटत नाही. त्या वेळी त्याला स्वतःचं काही कळत नसतं. कळायचं ते वरच्याला. पण वर बसलेल्याला वारा असतो ना! वाऱ्यात बसून खालच्याची घुसमट कशी कळणार? म्हणून वरच्यानेही श्वास धरायचा."

अनसूयेला हे फार पटले. तिने दोरी कपाळाला लावली आणि मनात म्हणाली, हा माझा नेम. सोमवारासारखाच हाही पाळीन.

आणि ती पाळत होती. रायाजीबरोबर श्वास घ्यायची, ओठ घट्ट मिटायची, छातीत आग झाली की झटका द्यायची. रायाजी वर यायचा. पिशवीत कधी एखादा शंख, कधी दोन, कधी नुसती वाळू.

संध्याकाळी सगळ्या होड्या किनाऱ्याला लागत. टोपल्या रेतीवर ओळीने मांडल्या जात आणि जो तो दुसऱ्याची टोपली बघे. सगळ्यांत भरलेली टोपली नेहमी सटवाजीची. सटवाजी हा रायाजीचा चुलतभाऊ. त्याची बायको द्वारका म्हणजे अनसूयेची थोरली जाऊ. तिच्या दमाची किनारपट्टीवर ख्याती होती. आणि तिच्या जिभेचीही.

"काय गं अनसूये," ती सगळ्यांसमोर म्हणायची, "नवरा बुडी मारायला गेलाय की पाय धुवायला? वर येतो तेव्हा त्याचे केससुद्धा भिजलेले नसतात!"

बायका खो खो हसत.

"डोंगराकडची आहे ना ती," दुसरी कोणी म्हणे. "चढ चढून चढून सगळा दम तिकडेच संपला असेल."

अनसूयाही त्यांच्याबरोबर हसायची. मग घरी जाऊन चुलीशी बसली की डोळे पुसायची. धुराचे निमित्त बरे असते.

तिने दम वाढवायचे पुष्कळ प्रयत्न केले. भाकरी थापताना श्वास धरून बघितला. विहिरीतून घागर ओढताना धरून बघितला. देवापुढे हात जोडून म्हणाली, "आई, मला दागिना नको, लुगडं नको. जाऊबाईंचा असतो तेवढा दम दे." पण श्वास काही वाढेना. भाकरी मात्र दोनदा करपली.

भिकाजी तोंडाने फार बोलत नसत. पण एका संध्याकाळी आपली टोपली बघून ते म्हणाले, "पुढच्या अवसेपर्यंत बघू. नाहीतर दोरी दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावी लागेल."

रायाजी स्वभावाने भला. तो तिला कधी टाकून बोलला नाही. जेवताना एवढेच म्हणाला, "आज एक चांगला शंख होता गं. बोटं टेकली होती त्याला. तू अजून जराशी थांबली असतीस, तर..."

त्याने वाक्य पुरे केले नाही. पण अनसूयेच्या मनात ते रात्रभर पुरे होत राहिले.

दुसऱ्या दिवशी समुद्र शांत होता. रायाजी खाली गेला. अनसूयेने ओठ मिटले. छातीत ती ओळखीची आग सुरू झाली. तिने झटका देण्यासाठी दोरी आवळली, आणि तेवढ्यात तिला वाटले, जराशी थांबले तर?

ऊन लागू नये म्हणून तिने पदर नाकावरून घेतला होता. सासऱ्यांची पाठ तिच्याकडे होती. होडी जागची हलू नये म्हणून ते किनाऱ्यावरच्या माडावर नजर लावून वल्हे धरून उभे होते. आजूबाजूला नुसते पाणी. पदराआड तिने नाकाने एक बारीकसा श्वास घेतला. सुईत दोरा ओवावा इतका बारीक. कोणी पाहिले नाही. आभाळ कोसळले नाही, होडीही डुलली नाही.

मग थोड्या वेळाने तिने झटका दिला. रायाजी वर आला तो हसतच. पिशवीत शंखच शंख.

त्या संध्याकाळी भिकाजी टोपलीत वाकून बघत राहिले. मग त्यांनी अनसूयेकडे पाहिले आणि ती घरात आल्यापासून पहिल्यांदा ते तिच्याकडे बघून हसले. द्वारका म्हणाली, "अगंबाई! धाकटीला दम फुटला की!" कोणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. अनसूयेला आनंद झाला. पण देवापुढे निरांजन लावताना तिने देवीकडे बघायचे टाळले. तीच ही अनसूया, सोमवारी तांदूळ निवडताना चुकून एक दाणा तोंडात गेला तर बाहेर धावत जाऊन चूळ भरणारी! तिने देवीला म्हटले, "एकच घेतला गं. तोही बारीक."

देवी काही बोलली नाही. देव असे लगेच बोलत नाहीत. माणसाला वेळ देतात.

एकाचे दोन झाले. बारीक श्वासाचे मोठे श्वास झाले. पुढे पुढे तर अनसूया पदराआड सावकाश, घरात बसल्यासारखी श्वास घेऊ लागली. झटका द्यायचा तोही अंदाजाने. दिल्यावर जोराने हुश्श करायची आणि दमल्यासारखी छातीवर हात ठेवायची. टोपली भरत होती. अमावास्या आली आणि गेली, दोरी तिच्याच हातात राहिली.

एक दिवस जेवता जेवता रायाजी म्हणाला, "माझाही दम वाढलाय गं. आधी खाली छाती नुसती जळायची. हल्ली शेवटी शेवटी कसं गार गार वाटतं. वर यावंसंच वाटत नाही."

अनसूयेचा हात ताटावर थबकला. हे शब्द तिने कुठेतरी ऐकले होते. कुठे, ते ती आठवू लागली. पण तेवढ्यात दारातून द्वारकेची हाक आली, "अनसूये, ऐकलंस का? पलीकडच्या गावचे गुरव आलेत!" ती उठून बाहेर गेली आणि ते आठवणे मागे राहिले.

पलीकडच्या गावात नवे देऊळ उभे राहत होते. तिथल्या गुरवांना मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेसाठी मोठा शंख हवा होता. दोन्ही हातांत धरावा लागेल एवढा. "ज्याच्या होडीला तो सापडेल, त्याच्या घरच्या जोडप्याला पहिल्या पूजेला बसवू," असे ते सांगून गेले. अनसूयेच्या डोळ्यांपुढे ती पूजा उभी राहिली. रायाजीच्या शेजारी ती पाटावर बसली आहे आणि सगळ्या बायका बघताहेत.

सकाळी सगळ्या होड्या गेल्या. रायाजी दोनदा रिकामा वर आला. तिसऱ्यांदा मात्र वर आला तो डोळे चमकवत. "आहे! कपारीत अडकलाय. हलवून आलोय. आता आणतोच." त्याने धोंडा उचलला. दोघांनी एकदम श्वास घेतला, आणि तो पाण्यात गेला.

अनसूया दोरी धरून बसली. नाकावर पदर. श्वास येत होता, जात होता. खालून बुडबुडे येत होते. तिला वाटले, आता तो कपारीपाशी पोचला असेल. आता हात घातला असेल. आता ओढत असेल. बुडबुडे कमी झाले. मग थांबले.

ओढू का? आत्ता ओढली आणि शंख निसटला तर? आणि ओढायची वेळ होऊन गेली असेल तर?

तेव्हा तिच्या ध्यानात आले की, तिच्याजवळ मापच नाही. तो खाली जाऊन थोडा वेळ झाला की पुष्कळ, हे तिला सांगणारी एकच गोष्ट होती, तिची स्वतःची छाती. आणि ती छाती तर मजेत होती. वाऱ्यावर बसली होती. तिने घाईघाईने श्वास रोखून पाहिला. पण आता रोखून काय कळणार? माप सुरुवातीपासून धरायचे असते.

तिने दोरीला झटका दिला. उत्तर आले नाही. पुन्हा दिला. दोरी नुसती जड.

"मामंजी!" ती किंचाळली. "हे येत नाहीत!"

भिकाजींनी वल्हे टाकले आणि दोरीला हात घातला. दोघांनी ओढली. काथ्याने तिचे तळवे सोलले, तिला कळलेही नाही. रायाजी वर आला. त्याचे ओठ जांभळे पडले होते. चेहऱ्यावर हसू होते, झोपेत लहान मूल हसते तसे. आणि तो मोठा शंख त्याने दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला होता.

भिकाजींनी त्याला पालथे घातले, पाठ दाबली, खांदे धरून हलवले. अनसूया त्याचे पाय चोळत होती आणि देवीचे नाव घेत होती. किती वेळ गेला देव जाणे. मग रायाजीला ढास लागली. पाणी पडले. आणि त्याने श्वास घेतला. असला घरघरता, ओबडधोबड श्वास, पण अनसूयेने जन्मात त्याहून गोड काही ऐकले नव्हते.

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा बाकीच्या होड्याही आल्या. रायाजीला रेतीवर निजवले. सगळे भोवती जमले. जीव वाचला हे बघितल्यावर भिकाजींची भीती गेली, आणि तिच्या जागी राग आला.

"मेल्या, झटके लागले तरी शंख सोडला नाहीस? होडी हलली तेव्हाच कळलं मला, हिने दोन झटके दिले! एवढा लोभ?"

रायाजी कसाबसा बोलला, "झटका... मला लागलाच नाही, आबा."

"लागला नाही म्हणे! दोरी काय खोटं बोलते?"

म्हातारी माणसे मान हलवू लागली. एकाने जे सगळ्यांच्या मनात होते ते बोलून दाखवले. "नेम म्हणजे नेम, भिकाजी. ज्याने दोरीचं ऐकलं नाही, त्याची दोरी सुटली. आता रायाजीला पाण्यात उतरता येणार नाही."

भिकाजींनी मान खाली घातली. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या पाणबुड्यांचे. रायाजीने डोळे मिटले. मग हळूच म्हणाला, "माझंच चुकलं असेल. मला बरं वाटत होतं खाली. छाती सांगत होती वर जा म्हणून. पण मला वाटलं, दोरी अजून गप्प आहे, म्हणजे वेळ आहे. दोरीपेक्षा मला जास्त काय कळतंय?"

हे शब्द अनसूयेने ऐकले. तिच्याशिवाय त्यांचा अर्थ तिथे कोणालाच कळला नव्हता.

ती गप्प राहिली असती तर कोणी काही विचारणार नव्हते. उलट, वेळेवर झटका देणारी म्हणून तिचे कौतुकच झाले असते. रायाजीचा जीव वाचला होता, आता तो जाळी विणत बसला असता, पोटापुरते मिळाले असते. पण तो जन्मभर स्वतःला लोभी समजत बसला असता. आणि बोलली, तर नवऱ्याच्या जिवावर उठलेली बाई म्हणून तिला गावात उभे राहायला जागा नव्हती. कदाचित घरातही नव्हती.

तिने सोललेले हात पदराला पुसले आणि उभी राहिली.

"मामंजी, यांचं काही चुकलं नाही. झटका उशिरा दिला मी. तेव्हा यांची शुद्ध गेली होती."

"उशिरा? तुझा दम तर..."

"मला दम नाही. मी श्वास घेत होते. पदराआडून."

गर्दी जवळ सरकली.

"कधीपासून?" भिकाजींनी विचारले.

"तुम्ही आपल्या टोपलीत बघून पहिल्यांदा हसलात ना, त्या दिवसापासून."

भिकाजी रेतीवर बसले. त्यांना काहीतरी कडक बोलायचे होते. अनसूया खाली मान घालून वाट बघत राहिली. आता माहेरी जा म्हणतील, किंवा त्याहून वाईट काही.

पण बोलली ती द्वारका. ती नेहमीच्या आवाजात बोलली नाही. अगदी पुटपुटली. "मामंजी, तिला काही बोलू नका. मीही घेते."

तिचा नवरा सटवाजी शेजारीच उभा होता. गेल्या हंगामापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. सगळे म्हणत, पाणबुड्यांचे कान जायचेच. त्याने उजवा कान पुढे केला. "काय म्हणालीस गं?"

"काही नाही."

"अगं, काहीतरी म्हणालीस. मोठ्यानं बोल."

द्वारकेने त्याच्या कानातल्या कापसाकडे पाहिले. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले आणि ती सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "मीही श्वास घेते! कित्येक वर्षं घेते! तुम्हाला खाली कोंडून ठेवते आणि मी वर वारा खाते!"

सटवाजी तिच्याकडे बघतच राहिला. मग आपल्या बहिऱ्या कानाला त्याने हळूच हात लावला.

गर्दीत एक बाई पुढे झाली. "मीही," ती म्हणाली. तिच्या मागून दुसरी. "मला वाटायचं, द्वारकेचा दम एवढा मोठा, मग माझाच का छोटा? म्हणून मी..."

"आणि मी तुझी टोपली बघून सुरू केलं," तिसरी म्हणाली.

"अगं, आणि मी तुझी बघून!" द्वारका म्हणाली. रडता रडता तिला हसू आले. "म्हणजे आपण सगळ्या एकमेकींच्या खोट्या श्वासाशी शर्यत लावत होतो की काय?"

भिकाजी उठले. त्यांनी सगळ्या दोरी धरणाऱ्या बायकांकडे पाहिले. बऱ्याच जणींच्या माना खाली होत्या. "टोपल्या वाढत गेल्या तेव्हा आम्ही पुरुष खूश होतो," ते म्हणाले. "कशा वाढल्या, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. माझ्यासकट. बसा सगळ्याजणी खाली. नाक चिमटीत धरा. बघू तरी, खरा दम केवढा असतो."

बायका रेतीवर बसल्या. नाके चिमटीत धरली, गाल फुगवले, आणि भिकाजींनी हात खाली केला. पोरे हसू लागली, पण म्हाताऱ्यांनी त्यांना गप्प केले. सगळ्यांत आधी फस्सकन श्वास सोडला तो द्वारकेने. मग दुसरीने, मग एकदम चार-पाच जणींनी. त्या चार-पाच जणींतच अनसूया होती. तिच्यामागूनही दोघी-तिघी थोड्या टिकल्या, आणि संपले. कोणाचाही दम डोंगराएवढा नव्हता. अनसूयेचा श्वास होता चारचौघींसारखा. नेमाने वागत होती तेव्हा ती कमी नव्हतीच. बाकीच्यांचे माप तेवढे खोटे होते.

अनसूयेला हे कळले तेव्हा तिला हसावे की रडावे ते समजेना. द्वारका तिच्याजवळ सरकली. "धाकटे," ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या केसांवरून मी काय काय बोलले गं!"

"जाऊबाई, तुम्ही बोललात त्यापेक्षा मी केलं ते जास्त वाईट आहे," अनसूया म्हणाली.

"मग दोघी मिळून फेडू," द्वारका म्हणाली.

तो मोठा शंख दुसऱ्या दिवशी पलीकडच्या देवळात गेला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पूजेला बसायला मात्र अनसूया आणि रायाजी गेले नाहीत. रायाजीची छाती अजून दुखत होती, आणि अनसूयेने देवीची क्षमा घरच्या निरांजनापाशीच मागितली. त्या दिवशी तिने देवीकडे सरळ पाहिले.

काही दिवसांनी रायाजी बरा झाला. होडीत बसायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला, दोरी कोणी धरायची? अनसूया स्वतःहून मागे उभी राहिली होती. किनाऱ्यावर सगळे बघत होते.

"माझी विधवा बहीण येते म्हणालीय," भिकाजी म्हणाले. "शांत बाई आहे."

रायाजीने दोरीचे टोक उचलले आणि चालत चालत अनसूयेपाशी गेला.

"रायाजी," भिकाजी म्हणाले, "नीट विचार कर. जीव तुझा आहे."

"म्हणूनच विचार केलाय, आबा," रायाजी म्हणाला. "बाकीच्या सगळ्यांनी खरं सांगितलं ते हिच्यानंतर. हिने सांगितलं तेव्हा हिच्या आधी कोणी नव्हतं. एवढं सगळं घालवायची तयारी ठेवून जिने माझं नाव राखलं, तिच्या हातात माझा श्वास राहू दे."

अनसूयेने दोरी घेतली. पण कपाळाला लावण्याआधी ती म्हणाली, "माझी एक अट आहे. मी पदर घेणार नाही. चेहरा उघडा ठेवून, ओठ मिटून, नाक चिमटीत धरून बसेन. आणि मामंजी, तुमची पाठ माझ्याकडे नको. तुम्ही माडाकडेही बघा आणि माझ्याकडेही बघा. मी चांगली आहे, यावर माझ्यासकट कोणी विसंबायला नको."

भिकाजी तिच्याकडे बघून हसले. हे हसू टोपलीसाठी नव्हते.

त्या हंगामात गावच्या सगळ्या टोपल्या निम्म्याच भरल्या. शंख मागायला येणारे थोडे कुरकुरले. पण त्या वर्षापासून कोणाचा कान गेला नाही, आणि सकाळी गेलेले सगळे पाणबुडे संध्याकाळी आपापल्या अंगणात जेवायला बसत राहिले. दोरी धरणाऱ्या बायका उघड्या चेहऱ्याने, ओठ मिटून, नाक चिमटीत धरून बसू लागल्या. दिसायला ते जरा विचित्र दिसे. पण कोणी कोणाला हसत नसे.

आता काळ बदलला. त्या किनाऱ्यावर शंख काढणे कधीच बंद झाले आहे. पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काच, पायांत रबरी पंख लावून तिथली मुले-मुली पाण्यात उतरतात आणि पाहुण्यांना खालचे मासे नि प्रवाळ दाखवून आणतात. दोरी नाही, धोंडा नाही, श्वासही धरावा लागत नाही. तरी त्यांना शिकवणारी बाई पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगते. एकट्याने उतरायचे नाही, जोडीने उतरायचे. आणि खाली जोडीदाराने खुणेने विचारले, "हवा किती उरली?" की जेवढी उरली असेल तेवढीच सांगायची. लाजेने जास्त सांगायची नाही.

"आणि बाई, माझी हवा त्याच्याआधी संपत आली तर? सगळ्यांना माझ्यामुळे वर यावं लागलं तर?" परवा एका मुलीने विचारले.

"तर सगळे वर येतील," बाई म्हणाल्या. "वर खूप छान ऊन असतं."

तात्पर्य: ज्याचा जीव आपल्या हातात आहे, त्याच्यासाठी धरलेला नेम कोणी बघत नसतानाही पाळावा, आणि तो मोडलाच, तर लाज बाजूला ठेवून आधी आपण खरे सांगावे, कारण एकाने खरे सांगितले की अनेकांना श्वास घ्यायला वाट मिळते.